माझी जीप : चाळीस वर्षांचा जमाखर्च

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवानिमित्त झालेल्या 'आपली माणसं, आपल्या गोष्टी' या कार्यक्रमात केलेले भाषण, स्मरणिकेसाठी थोडे नीट करून लिहिले आहे.)



आपले गाव रजतनगरी आणि आपल्या सोसायटीचा हा रौप्यमहोत्सव. चांदीच्या गावात चांदीचा उत्सव, हा योग चांगला जुळून आला. सचिवांनी मला 'निवृत्तीनंतरची गुंतवणूक' या विषयावर बोलायला सांगितले होते. मी तयारीही केली होती. पण परवा पार्किंगमध्ये पोरांनी मला घेरले आणि म्हणाले, "आजोबा, बँकेचं नका सांगू, जीपचं सांगा." मी विचार केला, गुंतवणुकीचा माझा सगळ्यात फसलेला, तरी सगळ्यात आवडता व्यवहार तोच आहे. तेव्हा विषय बदलला असे समजू नका.

आपल्या भागात यंत्रे आली ती कापसाच्या मागोमाग. जलंबहून खामगावला रेल्वेचा फाटा आला तो 1870 साली, कापसाच्या गाठी नेण्यासाठी. पुढे जिन आले, प्रेस आले, आणि जिनवाल्यांबरोबर मोटारी आल्या. माझे मामा एका जिनच्या मालकांकडे ड्रायव्हर होते. त्या शेठजींची गाडी होती डॉज किंग्जवे. आम्हा पोरांना ती नावेएवढी वाटायची. तिचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. मामा दोन बोटांनी गिअर टाकायचे तेव्हा वाटायचे, या माणसाला जगात काहीच अवघड नाही.

मला पुढे कळले की ती अमेरिकन गाडी जोडली गेली होती आपल्या मुंबईत. वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली आणि स्वातंत्र्याच्या सुमारास कुर्ल्याच्या कारखान्यात क्रायस्लर कंपनीच्या डॉज, प्लिमथ, डिसोटो या गाड्या जोडायला सुरुवात झाली. त्याच्याही आधी, 1928 मध्ये, जनरल मोटर्सने शिवडीला कारखाना टाकला होता. तिथून शेवरलेट बाहेर पडत. 1953 नंतर सरकारचे धोरण ठरले की नुसते सुटे भाग आणून जोडणारे नकोत, इथे भाग बनवणारे हवेत. तेव्हा जनरल मोटर्स आणि फोर्ड दोघांनीही इथला गाशा गुंडाळला. आयातीवर बंधने आली. म्हणजे गाडी दारात, पण तिचा एक पिस्टन मोडला तर तो मिळायचा कुठे?

शेठजींच्या डॉजचे तेच झाले. शेठजी गेले, मुलांनी फियाट घेतली. डॉज दोन पावसाळे लिंबाखाली उभी राहिली. मग एक दिवस एका मिस्त्रीने तिचा मागचा भाग करवतीने कापला, तिथे लाकडी फळ्या ठोकल्या, आणि तीत सरकीची पोती जाऊ लागली. मामा त्या दिवशी जेवले नाहीत. मी त्यांना म्हटले, "मामा, निदान चालते तरी आहे." ते म्हणाले, "चालते रे, पण ती आता ती नाही." मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. ते वाक्य मला नीट कळायला साठ वर्षे लागली. ते शेवटी सांगतो.

आता माझी जीप. 1984 साली मी बँकेत कृषी कर्जे पाहत होतो. खेडोपाडी जायचे, विहीर खरेच खोदली का, म्हैस खरेच घेतली का, ते पाहायचे. राजदूतवरून कंबर मोडायची. तेवढ्यात एका सरकारी खात्याच्या जुन्या गाड्यांचा लिलाव निघाला. तिथे ही उभी होती : 1965 ची महिंद्रा जीप, सीजे-3बी. चाके चार, त्यातली हवा एकात. बोली चौदा हजार पाचशेवर थांबली. घरी आणली ती बैलजोडी लावून. आमच्या सौभाग्यवतींनी ओवाळणीचे ताट आणले नाही; आतूनच विचारले, "भंगारवाल्याला किती देणार?"

कुणी म्हणेल, महिंद्राची गाडी अमेरिकन कशी? तर ऐका. ही जीप अमेरिकेतल्या विलीज कंपनीची. दुसऱ्या महायुद्धात तिने नाव कमावले. 1945 मध्ये महिंद्रा बंधूंनी गुलाम महंमद यांच्याबरोबर पोलादाच्या व्यापाराची कंपनी काढली होती, 'महिंद्रा अँड महंमद'. फाळणीनंतर गुलाम महंमद पाकिस्तानात गेले आणि तिथले पहिले अर्थमंत्री झाले. इकडे कंपनी 'महिंद्रा अँड महिंद्रा' झाली आणि मुंबईत विलीज जीप जोडू लागली. युद्धातल्या जीपचे बॉनेट बसके असते, माझ्या जीपचे उंच आहे. कारण आतले हरिकेन इंजिन उंच : त्याचे हवा-पेट्रोल आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आहेत, जुन्या इंजिनात ते खाली ब्लॉकमध्ये होते. इंजिन मावेना म्हणून अमेरिकेतल्या लोकांनी 1953 मध्ये सरळ बॉनेटच उंच केले. अमेरिकेत हे मॉडेल 1968 ला बंद पडले. आपल्याकडे तोच घाट पुढे कित्येक वर्षे निघत राहिला, भाग इथेच बनू लागले. म्हणून शेठजींची डॉज सरकीखाली गेली आणि माझी जीप आजही आपल्या पार्किंगमध्ये आहे. गाडी टिकते ती मालकाच्या प्रेमाने नव्हे, सुट्या भागांनी टिकते. हे कटू आहे, पण खरे आहे.

पहिली सात वर्षे मी तिच्यात लहानसहान बदल केले. डायनामोच्या जागी अल्टरनेटर बसवला, कारण रात्री दिवे लावले की बॅटरी उतरायची. कापडी टपाच्या जागी पत्र्याचा टप केला. मागच्या समोरासमोरच्या बाकांवर स्पंज टाकून घेतला. बारीकसारीक खर्च मी एका वहीत लिहीत गेलो. ती वही आजही आहे. वहीच्या पहिल्या पानावर चौदा हजार पाचशे, आणि पुढची एकशे बारा पाने दुरुस्ती.

पण खरी अडचण होती पेट्रोलची. लिटरला सात-आठ किलोमीटर, आणि फोर-व्हील टाकली तर विचारूच नका. त्या काळात सगळीकडे एकच वारे होते : पेट्रोल काढा, डिझेल टाका. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनीही जुन्या गाड्यांत डिझेल इंजिने बसवली होती. महिंद्रानेही 1979 च्या सुमारास फ्रान्सच्या प्युजो कंपनीशी करार करून डिझेल इंजिन आणले होते. 1991 मध्ये मला एका अपघातग्रस्त जीपमधले तसे, 2.1 लिटरचे, इंजिन मिळाले. रीतसर परवानगी घेतली, आरसी बुकात नवा इंजिन नंबर आणि 'डिझेल' असे लिहून घेतले.

इंजिन बसवायला आठ दिवस लागले. पाया कापून नव्याने वेल्डिंग करावे लागले, कारण नवे इंजिन चांगलेच जड. शेवटी कळले की वायपर बंद. जुना वायपर पेट्रोल इंजिनाच्या हवेच्या ओढीवर चालायचा. डिझेलला ती ओढ नाही. मग विजेची मोटर लावली. एक गोष्ट बदलली की तिच्याशी बांधलेल्या चार गोष्टी बदलाव्या लागतात, हे मला तेव्हा दिसायला हवे होते. ते माझ्या मिस्त्रीला दिसले. हात पुसत तो म्हणाला, "साहेब, पळवाले इंजिन नवं आनलं. थांबवाले काय आनलं?"

तो ब्रेकबद्दल बोलत होता. जुन्या जीपला चारही चाकांना ड्रम, आणि ब्रेक ऑइलची एकच नळी-व्यवस्था. कुठेही एक ठिकाणी गळाले तर चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात. दोन भागांचा मास्टर सिलिंडर बसवला तर निदान दोन चाके तरी हाती राहतात. खर्च दोन-अडीच हजारांचा. मी म्हटले, "पुढच्या महिन्यात बघू." आणि जुने पेट्रोल इंजिन त्याला अठराशे रुपयांत देऊन टाकले. वहीत जमेच्या बाजूला अभिमानाने लिहिले : अठराशे.

पुढचा महिना दीड वर्ष आला नाही. 1992 च्या डिसेंबरात बुलढाण्याचे एक लग्न आटोपून आम्ही खामगावला परत येत होतो. गाडीत मी, सौभाग्यवती, दोन्ही मुले आणि माझी आई. बोथ्याचा घाट उतरताना दुसऱ्या वळणावर ब्रेकवर पाय ठेवला आणि पेडल सरळ पत्र्याला टेकले. पुन्हा दाबले. काही नाही.

मंडळी, त्या वेळी माणूस काय विचार करतो? मला मामांची दोन बोटे आठवली. तिसऱ्यातून दुसऱ्या गिअरमध्ये आणली, इंजिन ओरडले, गाडी थोडी अडखळली. मग हँडब्रेक ओढला. या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो, मागच्या शाफ्टवर असतो. त्याने गाडी हादरली, जळका वास सुटला, पण वेग मोडला. डोंगराच्या बाजूला मातीचा भराव होता, त्याला गाडी घासत घासत लावली. उभी राहिली तेव्हा डाव्या बाजूचा पत्रा पूर्ण सोलला होता. कुणाला खरचटलेही नाही. आई जपमाळ ओढत होती. तिला वाटले, खराब रस्ता आहे.

सौभाग्यवती खाली उतरल्या, रस्त्याच्या कडेला मुलांना घेऊन बसल्या. बराच वेळाने म्हणाल्या, "शेतकऱ्यानं बैलाचा विमा काढला नाही तर तुम्ही कर्ज देत नाही ना?" बस, एवढेच. त्यानंतर त्यांनी त्या विषयावर कधी शब्द काढला नाही आणि मला तो विषय कधी विसरता आला नाही. दुसऱ्याच आठवड्यात दोन भागांचा मास्टर सिलिंडर, नवे पाइप, नवे लायनर बसवले. मोटारीत बदल करायची हौस असलेल्या इथल्या तरुणांना माझे एवढेच सांगणे आहे : आधी ब्रेक, मग स्टिअरिंग, मग टायर, आणि इंजिन सगळ्यात शेवटी. आम्ही उलटे केले. घाटात मातीचा भराव होता म्हणून आज तुमच्यासमोर बोलतो आहे.

1999 मध्ये आपली सोसायटी नोंदवली गेली. ज्यांना आजचा सिमेंट रस्ता दिसतो त्यांना ते दिवस सांगून पटणार नाहीत. काळी माती. पावसाळ्यात सायकलच्या चाकाला दोन-दोन किलो चिखल. सुरुवातीच्या सात-आठ बिऱ्हाडांची सिमेंटची पोती, पाण्याच्या टाक्या, एका घरचा देव्हारा आणि दुसऱ्या घरची वयस्कर आजी, सगळे या जीपमधून आत आले. 2002 च्या पावसाळ्यात रात्री दोन वाजता एका शेजाऱ्यांनी दार वाजवले. सुनेच्या कळा सुरू झाल्या होत्या आणि ऑटो मुख्य रस्त्यावरून आत यायला तयार नव्हता. तेव्हा गिअरशेजारच्या दोन छोट्या दांड्या कामी आल्या : एकीने पुढची चाके जोडायची, दुसरीने लो टाकायचा. पायी चालणाऱ्याच्या वेगाने, पण न थांबता, आम्ही डांबरी रस्त्याला लागलो. त्या रात्री जन्मलेली मुलगी आज समोर बसली आहे. नाव घेत नाही, ती आधीच लाजली आहे.

आता थोडे अवघड बोलतो. 2023 च्या वार्षिक सभेत ठराव आला : सहा महिन्यांहून अधिक काळ न हललेली वाहने पार्किंगमधून काढावीत. अशी वाहने तीन होती. त्यात माझी जीप. माझ्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेमुळे ती चौदा महिने ताडपत्रीखाली होती. उंदरांनी सीटमध्ये संसार मांडला होता. मी सभेत रागावलो, नको ते बोललो, उठून गेलो. आज सर्वांसमोर सांगतो, ठराव बरोबर होता आणि मी चूक होतो. बँकेत नव्वद दिवस हप्ता आला नाही की आम्ही कर्ज एनपीए करायचो, खातेदार कितीही जुना असो. माझी जीप एनपीए झाली होती; फक्त खातेदार मी स्वतः असल्यामुळे मला ते दिसत नव्हते.

तेव्हा माझ्या नातवाने एक मार्ग आणला. त्याने मोबाइलवर दाखवले की केंद्र सरकारने जुलै 2021 मध्ये पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांसाठी 'व्हिंटेज' नोंदणीचा नियम केला आहे. वीस हजार रुपये शुल्क, दहा वर्षांची नोंदणी, नंबरात 'व्हीए' ही अक्षरे. रोजच्या वापराला बंदी, पण प्रदर्शन, रॅली, देखभाल यांसाठी रस्त्यावर नेता येते. माझी जीप 1965 ची. आम्ही दोघे खूश. मग मी चष्मा लावून पुढचे वाचले. गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नको.

इंजिन तर मी अठराशेला विकले होते.

मी ते शोधायला निघालो. मिस्त्री आता नाही. त्याचा मुलगा गॅरेज चालवतो. त्याने आठवून सांगितले की ते इंजिन शेगावकडच्या एका शेतकऱ्याने विहिरीवरच्या पंपासाठी नेले होते. मी आणि नातू त्या शेतावर गेलो. शेतकऱ्याने चहा पाजला, म्हणाला, "लय पानी ओढलं त्यानं, साहेब. पण वीज आली, मंग पडून रायलं. ब्लॉक फुटला. भंगारवाल्यानं नेलं." विहिरीच्या काठावर चार बोल्ट रोवलेले अजून दिसत होते. त्यांच्यावरून हात फिरवला आणि परत आलो.

मग जुन्या गाड्यांचा व्यवहार करणाऱ्या एका माणसाने उपाय सांगितला. तसेच हरिकेन इंजिन आणून देतो, त्यावर तुमचा जुना नंबर ठोकून देतो, कुणाला कळणार? आणि अशा गाडीला आज शहरांत काय किंमत येते ते त्याने कागदावर लिहून दाखवले. मंडळी, आकडा मोठा होता. मी त्या रात्री झोपलो नाही. खोटे बोलणार नाही, मोह झाला. सकाळी वही उघडली. 1991 च्या पानावर माझ्याच अक्षरात होते : 'जुने इंजिन विकले, रु. 1800.' अडतीस वर्षे बँकेत मी लोकांच्या कागदांवर सही केली. जे झाले ते माझ्याच वहीत लिहिलेले असताना, ते झालेच नाही असे इंजिनावर कसे ठोकू? त्या माणसाला नको म्हणून कळवले.

आणि तेव्हा मामांचे वाक्य कळले. "ती आता ती नाही." माझी जीपही आता ती नाही. तिचे हृदय फ्रेंच घराण्याचे, टप खामगावचा, ब्रेक माझ्या चुकीतून आलेले, डावा पत्रा बोथ्याच्या घाटाने बदलायला लावलेला. ती संग्रहालयात बसणार नाही. पण मामा दुःखात एक गोष्ट विसरले होते : त्या डॉजने पुढे कितीतरी वर्षे सरकी वाहिली. माझी जीप मूळची राहिली असती, तर 1991 नंतर पेट्रोलपायी उभीच राहिली असती आणि 2002 च्या त्या रात्री आपल्या दारात नसती. मला दोन्ही गोष्टी खऱ्या वाटतात. हिशेब जुळत नाही, आणि तो जुळवायचा हट्ट मी सोडला आहे.

म्हणून साधा मार्ग धरला. तिला सुरू केली, तपासणी करून घेतली, वाढलेले पाच हजारांचे शुल्क आणि पर्यावरण कर भरून डिझेल जीप म्हणूनच नोंदणीचे नूतनीकरण केले. यापुढे तिच्यात काही बदल करणार नाही. एक तर गुडघा नाही म्हणतो, दुसरे म्हणजे 2019 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेच सांगितले आहे की कंपनीने बनवलेल्या गाडीचे मूळ स्वरूप मनाप्रमाणे बदलता येणार नाही. तुमच्यापैकी जे जाडजूड टायर आणि कर्कश सायलेन्सर लावायचे ठरवून बसले आहेत, त्यांनी हे लक्षात ठेवावे.

आता दर रविवारी सकाळी सहा वाजता ती जनुना तलावापर्यंत जाऊन येते. संचालक मंडळाला माझा शब्द आहे : ज्या महिन्यात ती चार रविवार हलली नाही, त्या महिन्यात मी स्वतः पार्किंगची जागा मोकळी करीन. ठरावाच्या वहीत लिहून घ्या, मी सही करतो.

आणि पोरांनो, मागे सहा जणांची जागा आहे. ज्यांना यायचे त्यांनी शनिवारी आईवडिलांना विचारून नाव सांगावे. एकच नियम आहे. गाडी हलण्याआधी पुढे बसलेल्याने मोठ्याने विचारायचे, "आजोबा, ब्रेक?" आणि मी तीन वेळा पेडल दाबून दाखवीन. मग निघू.